केस गळतायत की विरळ होतायत? महिलांच्या केसगळतीत जनुकांचा वाटा नेमका किती?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात यायला लागायचे आणि काही जणांना तर चार-पाच दिवसांत टक्कल पडलं. बायका, पुरुष, शाळेत जाणारी मुलं, कुणीच सुटलं नाही. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून रुग्णांचा आकडा वाढत दोनशेच्या पुढे गेला. आरोग्य विभागाची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं, टीव्हीच्या गाड्याही आल्या. पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीच्या आधारे रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. बऱ्याच जणांचे केस काही काळाने परतही आले.

अख्ख्या गावाचे केस एकदम गळायला लागले की त्याची बातमी होते. पण महाराष्ट्रातल्या घराघरांत एक केसगळती वर्षानुवर्षं चालू असते आणि तिची कधीच बातमी होत नाही. वेणीचा शेपटा बारीक होत जातो, भांग रुंद होत जातो, फोटो काढताना मान जरा तिरकी ठेवायची सवय लागते. घरातले म्हणतात, "पाणी बदललं असेल," "शाम्पू बदल," "टेन्शन घेऊ नकोस." आणि कुणीतरी एक मावशी असतेच जी म्हणते, "तुझ्या आत्याचेही असेच होते गं, काय करणार."

ही शेवटची मावशी बऱ्याचदा अर्धी बरोबर असते. महिलांचे केस विरळ होण्यामागे आनुवंशिकतेचा मोठा हात असतो. पण तिचं "काय करणार" मात्र चुकीचं असतं. कारण आनुवंशिक केसगळतीत करण्यासारखं बरंच असतं, फक्त ते वेळेत करावं लागतं. आणि नेमका हाच वेळ तेल, गमीज आणि इन्स्टाग्रामवरच्या नुस्ख्यांमध्ये निघून जातो.

म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेऊ.

दिवसाला किती केस गळणं नॉर्मल?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं स्वतःचं एक चक्र असतं. आधी वाढीचा काळ, जो साधारण दोन ते सहा वर्षं चालतो. मग दोन-तीन आठवड्यांचा थांबण्याचा काळ. आणि मग साधारण तीन महिन्यांची विश्रांती, जिच्या शेवटी तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवायला लागतो.

निरोगी डोक्यावर एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपास केस विश्रांतीत असतात. म्हणजे एक लाखातले दहा हजार. हे दहा हजार केस साधारण १०० दिवसांत गळणार म्हटलं, तर दिवसाला १०० होतात. "रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे" असं डॉक्टर सांगतात, ते याच हिशोबामुळे.

यात एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आठवड्यातून दोनदाच केस धुणाऱ्या बाईला न्हाण्याच्या दिवशी तीन-चार दिवसांचे केस एकदम दिसतात. त्यामुळे बाथरूमच्या जाळीवर अडकलेला पुंजका पाहून घाबरून जायचं कारण नाही. तुमचं नेहमीचं प्रमाण किती होतं आणि ते अचानक वाढलंय का, हे जास्त महत्त्वाचं.

मग 'गळणं' आणि 'विरळ होणं' यात फरक काय?

सगळा घोळ इथेच होतो. मराठीत आपण दोन्हीला 'केसगळती'च म्हणतो. पण डॉक्टरांच्या लेखी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला प्रकार म्हणजे टेलोजेन एफ्लुवियम. शरीराला एखादा मोठा धक्का बसतो. डेंग्यू, टायफॉईड किंवा कोविडचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, झटपट वजन उतरवण्यासाठी केलेला कडक डाएट, रक्तातलं लोह कमी होणं, थायरॉइड बिघडणं. या धक्क्याने वाढीच्या काळातले खूप सारे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळायला लागतात. दहा टक्क्यांऐवजी तीस टक्के केस विश्रांतीत गेले, तर वरच्याच हिशोबाने दिवसाला ३०० केस गळतील.

ताप जुलैमध्ये येऊन गेलेला असतो आणि केस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गळतात. मधे दोन-तीन महिने गेल्यामुळे तापाचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही आणि दोष नव्या शाम्पूला दिला जातो. चांगली गोष्ट ही की यात केसाचं मूळ शाबूत असतं. कारण दूर झालं की बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत थांबते आणि केस परत येतात.

काही महिलांमध्ये मात्र ही गळती सहा महिन्यांच्या पुढे, कधी कधी वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहते. डॉ. डेव्हिड व्हायटिंग यांनी १९९६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला 'क्रॉनिक टेलोजेन एफ्लुवियम' असं नाव मिळालं. हे साधारण ३० ते ६० वयाच्या महिलांमध्ये दिसतं. यात केस मूठभर गळतात, पण भांग फारसा रुंद होत नाही आणि टक्कल पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फीमेल पॅटर्न हेअर लॉस. आनुवंशिकतेचा मुख्य संबंध येतो तो इथे. यात अनेकदा केस फारसे गळताना दिसतही नाहीत. केसांची मुळं हळूहळू आकसतात. जाड केसाच्या जागी आधीपेक्षा बारीक केस येतो, त्याच्या जागी त्याहून बारीक, आणि शेवटी नुसती लव उरते. केसाचा वाढीचा काळही कमी होतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. जो केस चार वर्षं वाढून ४८ सेंटीमीटर व्हायचा, तो वर्षभरातच गळायला लागला तर १२ सेंटीमीटरच्या पुढे जाणारच नाही. "केस आता वाढतच नाहीत" ही तक्रार इथून येते.

थोडक्यात, पहिल्या प्रकारात केस जमिनीवर दिसतात. दुसऱ्या प्रकारात टाळू दिसते.

महिलांमध्ये हे कुठे आणि कसं दिसतं?

पुरुषांचं टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांपासून किंवा डोक्याच्या मागच्या भोवऱ्यापासून सुरू होतं. महिलांमध्ये तसं सहसा होत नाही. कपाळावरची केसांची रेषा बऱ्यापैकी जागेवर राहते आणि मधला भांग पसरत जातो. जर्मन डॉक्टर एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आजही डॉक्टर त्या वापरतात.

हे वयाबरोबर वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो शहरात झालेल्या पाहणीत ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये डोक्याचा मधला भाग विरळ झालेला दिसला. चीनमधल्या सहा शहरांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा प्रकार २१.३ टक्के पुरुषांत आणि ६ टक्के महिलांत आढळला. म्हणजे वंश आणि वयानुसार आकडा बदलतो, पण "टक्कल हा पुरुषांचा प्रॉब्लेम" हे कुठेच खरं ठरत नाही.

'आईच्या वडिलांना टक्कल होतं का?' या प्रश्नात किती तथ्य?

टक्कल आईच्या वडिलांकडून येतं, हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ मध्ये डोरोथी ऑसबर्न या अमेरिकी संशोधिकेने काही कुटुंबांचा अभ्यास करून असं मांडलं की टक्कल एकाच जनुकामुळे पडतं. पुरुषाला त्या जनुकाची एक प्रत मिळाली तरी टक्कल पडतं, बाईला मात्र दोन्ही प्रती मिळाव्या लागतात. हे सोपं गणित पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं. आज ते बाद झालंय.

१९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दुसरा धागा पकडला. वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढली गेली होती, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने पाहिलं. त्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर टक्कल पडायला लागलं, पण ते ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं अशांनाच. म्हणजे नुसतं हार्मोन पुरत नाही आणि नुसतं घराणंही पुरत नाही. दोन्ही लागतात.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुरुषांच्या टकलाचा संबंध अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या जनुकाशी जोडला. हे जनुक असतं एक्स गुणसूत्रावर. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं, त्यामुळे आईच्या वडिलांकडे पाहण्यात थोडा अर्थ आहे. पण थोडाच. २०१७ मध्ये यूके बायोबँकमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टकलाशी संबंधित २८७ जागा जनुकांच्या नकाशावर सापडल्या. त्यातल्या ४० एक्स गुणसूत्रावर होत्या. बाकीच्या २४७ इतर गुणसूत्रांवर, म्हणजे आई किंवा वडील कुणाकडूनही येऊ शकणाऱ्या.

मुलींचं गणित आणखी वेगळं. मुलीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईचं आणि एक वडिलांचं. वडिलांकडे एक्स एकच असतं आणि ते मुलीकडेच येतं. म्हणून मुलीने फक्त आजोळच नाही, तर आत्या, आजी आणि स्वतःचे वडील यांच्याकडेही बघायला हवं. आणि दोन्ही घरांत सगळ्यांचे केस दाट असले तरी ती सुटली असं होत नाही, कारण शेकडो छोटे-छोटे बदल दोन्हीकडून थोडे-थोडे येऊन एका डोक्यावर गोळा होऊ शकतात.

मग महिलांसाठी जबाबदार जनुक कोणतं?

असं एक जनुक नाही. टकलावरचे मोठे जनुकीय अभ्यास जवळपास सगळे पुरुषांवर झालेत. महिलांवरचे अभ्यास त्या मानाने खूप लहान, काही शे जणींपुरते आहेत.

तरी त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पुरुषांमध्ये २० व्या गुणसूत्रावरची एक जागा टकलाशी ठळकपणे जोडलेली आहे. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या महिलांमध्ये तिची तपासणी झाली तेव्हा संबंध सापडला नाही. अँड्रोजन रिसेप्टर जनुकाचा संबंध दिसला, पण ज्यांचे केस कमी वयात विरळ झाले अशा महिलांपुरता. म्हणजे महिलांची केसगळती ही पुरुषांच्या टकलाची सौम्य आवृत्ती आहे, असं सरळ म्हणता येत नाही.

शरीरात काय घडतं, ते बघितलं तर हे पटतं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त ताकदीचं हार्मोन तयार होतं. जनुकांमुळे ज्या मुळांना या हार्मोनचं वावडं असतं, ती त्याच्या परिणामाने आकसतात. महिलांमध्येही टेस्टोस्टेरॉन असतं, फक्त कमी. शिवाय महिलांच्या टाळूत, खास करून कपाळाच्या रेषेवर, अरोमाटेज नावाचं एन्झाइम पुरुषांपेक्षा जास्त असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. कपाळावरची रेषा महिलांमध्ये टिकून राहते, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

आता यातला सगळ्यात गैरसमजाचा मुद्दा. केस विरळ झालेल्या बहुतेक महिलांच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेलं नसतंच. रिपोर्ट नॉर्मल येतो. हार्मोनचं प्रमाण ठीक असतं, पण मुळं त्याला जास्त संवेदनशील असतात आणि ही संवेदनशीलता जन्मापासून आलेली असते. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हा तुझा वहम आहे" असं कुणी म्हटलं, तर ते चूक आहे.

पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर जाड केस येत असतील, पिंपल्स जात नसतील, तर मात्र पीसीओएसची तपासणी करायला हवी. पाळी गेल्यानंतरही केस विरळ होण्याचा वेग अनेकींमध्ये वाढतो.

नुसती जनुकं की आणखी काही?

प्रत्यक्षात दोन्ही प्रकार एकाच डोक्यावर एकत्र असू शकतात आणि महाराष्ट्रात हे विशेष महत्त्वाचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे केस गळतात म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या बाईच्या रक्तात लोहही कमी निघण्याची शक्यता भरपूर.

समजा एखादीच्या भांगाजवळचे केस आनुवंशिकतेमुळे पाच वर्षांपासून हळूहळू बारीक होतायत. तिच्या लक्षात आलेलं नाही, कारण बदल फार सावकाश होतोय. मग बाळंतपण होतं आणि तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. सगळे म्हणतात, बाळंतपणामुळे होतं, येतील परत. बरेचसे येतातही. पण ज्या मुळांनी आधीच आकसायला सुरुवात केली होती, तिथून येणारा केस बारीकच येतो. भांग पूर्वीसारखा भरत नाही. गळती थांबली म्हणून ती डॉक्टरांकडे जात नाही आणि आतलं आकसणं चालूच राहतं.

उलटंही होतं. "आमच्या घरात सगळ्यांचेच केस असे" म्हणून एखादी गप्प बसते आणि तिचा थायरॉइड किंवा ॲनिमिया कित्येक वर्षं सापडतच नाही. केस गळणं ही शरीराने दिलेली खूण होती, ती आनुवंशिकतेच्या नावाखाली दुर्लक्षित राहते.

डीएनए टेस्ट करून आधीच कळेल का?

ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये थुंकीचा नमुना पाठवा आणि टक्कल पडणार की नाही ते जाणून घ्या, अशा जाहिराती हल्ली फीडमध्ये सारख्या दिसतात. यावर यूके बायोबँकच्या त्याच अभ्यासातले आकडे बोलके आहेत.

संशोधकांनी प्रत्येक पुरुषाचा जनुकीय स्कोअर काढला. ज्यांचा स्कोअर सगळ्यात वरच्या १० टक्क्यांत होता, त्यांच्यातल्या ५८ टक्के पुरुषांना मध्यम ते तीव्र टक्कल होतं. म्हणजे सर्वाधिक धोका असलेल्यांतही ४२ टक्के जणांना तेवढं टक्कल नव्हतं. आणि ज्यांचा स्कोअर सरासरीच्या खाली होता, त्यांच्यातल्याही १४ टक्क्यांचे केस मोठ्या प्रमाणात गेलेले होते.

गटासाठी ही माहिती मोलाची आहे. एकट्या माणसाला मात्र तिच्यावरून ठाम उत्तर मिळत नाही. त्यात हा अभ्यास होता ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या पुरुषांचा. त्याच्या आधारावर नाशिकच्या २६ वर्षांच्या मुलीला टक्केवारीत भविष्य सांगणं म्हणजे लंडनचं हवामान बघून सिन्नरला पेरणी करण्यासारखं आहे.

त्वचारोगतज्ज्ञांचं निदान आजही डीएनएवर अवलंबून नाही. घरातला इतिहास विचारणं, भांग बघणं, थोडे केस बोटात धरून हलकेच ओढून बघणं आणि ट्रायकोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या उपकरणातून टाळूची तपासणी, यातून बरंच कळतं. भांगाच्या भागात जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसली, तर मुळं आकसायला लागल्याची ती खूण असते. जोडीला हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे इतर रक्त तपासण्या केल्या जातात.

तेल, कांद्याचा रस, बायोटिन: यांचं काय?

तेलाने केसाला चकाकी येते, केस कमी तुटतात, मालीश केल्यावर बरं वाटतं. हे सगळं खरं. पण तेल जनुकांनी आकसायला लावलेलं मूळ पुन्हा मोठं करत नाही.

याबाबत भारतीय कायदाही बराच स्पष्ट आहे. औषधे आणि सौंदर्य प्रसाधने नियम, १९४५ च्या परिशिष्ट 'जे' मध्ये अशा आजारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे आणि 'नवे केस उगवणे' हेही आहे. म्हणूनच जाहिरातींची भाषा नीट वाचा. मोठ्या अक्षरांत 'केसगळती कमी' लिहिलेलं असतं आणि शेजारी एक चांदणी असते. खाली बारीक अक्षरांत त्या चांदणीचा अर्थ लिहिलेला असतो, 'केस तुटल्यामुळे होणारी गळती'. आनुवंशिक केसगळतीत केस तुटत नाहीत, मुळातून बारीक होतात. म्हणजे जाहिरातीतला दावा तुमच्या आजाराबद्दलचा नसतोच.

बायोटिनच्या गमीज सध्या जोरात आहेत. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते आणि ती नसेल तर गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट एक धोका आहे. बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्त तपासण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये दिला. म्हणजे केसांसाठी घेतलेली गमी केसगळतीचं खरं कारण असलेला थायरॉइडच लपवू शकते. रक्त तपासायला जाताना बायोटिन घेत असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा.

उपचार आहेत का?

आहेत. पण ते 'बरे' करणारे नाहीत, थोपवून धरणारे आहेत. डायबेटिसच्या गोळीसारखे.

सगळ्यात जास्त पुरावा मिनॉक्सिडिलच्या बाजूने आहे. हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली आणि ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतायत, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे डोक्याला लावायचं द्रावण बनलं. त्याला पुरुषांसाठी १९८८ मध्ये आणि महिलांसाठी १९९१ मध्ये मान्यता मिळाली.

यात तीन गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात. एक, सुरुवातीच्या काही आठवड्यांत केसगळती वाढू शकते. जुने केस ढकलून नवे येत असतात. अनेक जणी घाबरून इथेच औषध सोडतात. दोन, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. तीन, औषध बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो.

सध्या चर्चा आहे ती मिनॉक्सिडिलच्या कमी डोसच्या गोळीची. २०२४ च्या अखेरीस वेगवेगळ्या देशांतल्या केसतज्ज्ञांच्या एका गटाने ती कुणाला आणि कशी द्यावी याबद्दल एकमताने शिफारशी प्रसिद्ध केल्या. पण केसांसाठी या गोळीला औपचारिक मान्यता नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ती देतात. चेहऱ्यावर लव वाढणं, पाय सुजणं, धडधड होणं असे त्रास होऊ शकतात. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ती घेणं धोक्याचं आहे.

काही महिलांना डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोनसारखी हार्मोनचा परिणाम रोखणारी औषधं देतात. फिनास्टेराइड हे पुरुषांचं औषध नवऱ्याच्या किंवा भावाच्या पाकिटातून उचलून कधीच घेऊ नये. गर्भातल्या मुलग्याच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मूल होऊ द्यायचा विचार असेल, गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर यातलं कुठलंही औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगणं आवश्यक आहे.

वेळ इतका महत्त्वाचा का?

कारण मूळ आकसत असतं तोवर त्याला परत थोडं मोठं करता येतं. ते पूर्ण निकामी झाल्यावर त्याला परत आणणारं औषध आज नाही. उपचार जेवढे लवकर सुरू होतील, तेवढे जास्त केस हाताशी असतात. म्हणून सगळ्यात सोपी गोष्ट करा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात, केस ओले नसताना भांगाचा फोटो काढा. आरशात रोज न दिसणारा बदल दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

आणि पुढच्यापैकी काही असेल, तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा:

- भांग आधीपेक्षा रुंद दिसतोय किंवा उन्हात टाळू दिसायला लागलीय.
- गळती सहा महिन्यांच्या वर चालू आहे.
- केस गोल चकतीसारखे गेलेत. ही चाई असू शकते आणि तिचे उपचार वेगळे आहेत.
- टाळूवर आग, वेदना, खपल्या आहेत किंवा टाळू गुळगुळीत चकाकतेय.
- पाळी बिघडली आहे, आवाज बदललाय किंवा अंगावर जाड केस वेगाने वाढतायत.

शेगावच्या गावकऱ्यांचे केस गळाले तेव्हा "शाम्पू बदला" म्हणून कुणी त्यांची बोळवण केली नाही. पाणी तपासलं, रक्त तपासलं, गहू तपासला. कारण शोधलं गेलं. भांग रुंद होत चाललेल्या एकट्या बाईलाही तेवढंच मिळायला हवं, म्हणजे एक नीट तपासणी आणि कारणाचं नाव. ते नाव 'आनुवंशिक' असं निघालं, तर तो शेवट नसतो. कुठले उपचार करायचे आणि कुठल्या बाटल्यांवर पैसे घालायचे नाहीत, हे ठरवायची सुरुवात तिथून होते.